चिखलाची नाडी

सूर्यभान मोतीराम इंगळे हा माणूस नीट बसलेला अकोल्यात कुणी पाहिला नव्हता. खुर्चीवर असला तरी त्याचा एक पाय दाराकडे असायचा. चहा उभ्यानं प्यायचा, डबा खाताना अर्ध्या भाकरीवर उठून खिडकीशी जायचा, आणि बोलता बोलता त्याची बोटं टेबलावर काहीतरी मोजत राहायची. कचेरीतले लोक म्हणत, ह्याच्या खुर्चीत खिळे आहेत. खिळे होतेच, पण खुर्चीत नव्हते. ते १९६१ च्या श्रावणात टोचले, आणि पुढं दोन वर्षं त्यानं ते कुणाला दाखवले नाहीत.

सगळं एका शब्दापासून सुरू झालं. सूर्यभान अमरावतीच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाला. दर्यापूर तालुक्यातल्या उमरी गावच्या बौद्धवस्तीतला तो पहिलाच. १९५९ साली अकोल्याला एका सरकारी कचेरीत, शेतीच्या आकडेवारीच्या विभागात त्याला नोकरी लागली. पदाचं नाव होतं कम्प्युटर. तेव्हा कम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, माणूस. दिवसभर बेरजा-गुणाकार करणारा माणूस. कुठल्या तालुक्यात किती एकर पऱ्हाटी, एकरी कापूस किती, गेल्या साली किती, सरासरी काय. त्यासाठी टेबलावर दांडा फिरवायचं लोखंडी यंत्र असे. आकडे लावायचे, दांडा फिरवायचा, कर्र-खट आवाज व्हायचा आणि उत्तर खिडकीत यायचं.

नेमणुकीचा कागद घेऊन तो उमरीला गेला तेव्हा त्याची माय सुंदराबाई अंगणात तूर पाखडत होती. बाप जाऊन पाच वर्षं झाली होती. माय म्हणाली, "काय झालास रे तू?"

"कम्प्युटर."

सुपातली तूर तशीच टाकून सुंदराबाई वस्तीभर फिरली. "माहा सूर्यभान कंपाउंडर झाला वं! सरकारी कंपाउंडर!"

आता ह्यात त्या माउलीची काय चूक? दर्यापूरच्या दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातला, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून औषध देणारा कंपाउंडर तिनं पाहिला होता. कम्प्युटर नावाचं काही जगात असतं, हे तिनंच काय, तलाठ्यानंही ऐकलं नव्हतं. चूक सुधारायची तर सूर्यभाननंच, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी ती सुधारायचं ठरवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी गावातल्या मोठ्या ओट्यावरून हाक आली, "अहो कंपाउंडरसायेब, या ना, बसा." ज्या ओट्यापुढून त्याचा बाप मान खाली घालून जायचा, त्या ओट्यावर त्याला सतरंजी अंथरली होती. सूर्यभान बसला. चहा प्यायला. डोकं दुखतं म्हणणाऱ्याला म्हणाला, पाणी जास्त प्या. आणि त्या सतरंजीवरून उठताना खरं बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पुढं तर तो गावी येताना अकोल्याहून तापाच्या गोळ्या, बाम, टिंक्चर असं विकत आणायला लागला. खोटं असं तो कधी बोलला नाही. लोक बोलायचे आणि तो गप्प बसायचा. ह्या गप्प बसण्याचाच मला राग आहे.

उमरी ते दर्यापूरची पक्की सडक हे अंतर दीड मैलाचं. उन्हाळ्यात पोर खेळत खेळत जाईल. पण आखाड लागला की ती सगळी काळी माती फुगायची, चाकाला चिकटायची, चाक आणि धुरा ह्यांच्या मधे गच्च बसायची आणि बैलगाडी जागच्या जागी उभी. माणूस रिकामा चालला तर घोट्यापर्यंत रुतायचा. खांद्यावर ओझं घेतलं तर गुडघ्यापर्यंत.

अशाच श्रावणातल्या एका सकाळी शालूला कळा सुरू झाल्या. शालू सूर्यभानची धाकटी बहीण, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. वस्तीतली सुईण जाईबाई आली. तिनं पोटाला हात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "सुंदरा, हे माह्या हातचं नोहे. लेकरू आडवं हाये. दर्यापूरले ने हिले. आताच ने."

"माह्या घरचा कंपाउंडर असताना दर्यापूरले कावून नेऊ?" सुंदराबाई म्हणाली आणि जावयाकडे वळली. "धर्मपाल, तुमी अकोल्याले जा. सूर्यभानले घेऊन या. तो आला का तो सांगीन तसं करू."

धर्मपाल, शालूचा नवरा, चिखल तुडवत सडकेला लागला आणि दर्यापूरला पोचला. अकोल्याची मोटार सरकारी दवाखान्याच्या समोरूनच सुटायची. त्या दवाखान्याच्या दाराकडे पाठ करून धर्मपाल मोटारीत चढला आणि अकोल्याला गेला, कंपाउंडर आणायला.

सूर्यभान कचेरीतून होता तसा निघाला. मोटारीत दोन तास धर्मपालच्या शेजारी बसून त्याला चार शब्द बोलता आले नाहीत. तो उमरीत पोचला तेव्हा दुपार कलली होती. दारात त्याला पाहून घरातल्या बाया उठल्या, बाजूला झाल्या, त्याला वाट करून दिली. शालूनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात थंड होता. "दादा, आता तू आला ना," ती म्हणाली.

"दर्यापूरले न्या हिले," सूर्यभान म्हणाला. एवढंच त्याला येत होतं, आणि तेवढं जाईबाईनं सकाळीच सांगितलं होतं.

बैलगाडी अर्ध्या वाटेवर रुतली. मग बाज आणली, शालूला तिच्यावर निजवलं आणि चार जणांनी खांदे दिले. एक गुडघाभर रुतला की बाज कलायची, दुसऱ्यानं सावरायची. दीड मैलाला तीन तास लागले. दवाखान्यात डॉक्टरनं शालूला वाचवलं. लेकरू गेलेलं होतं. मुलगा होता. डॉक्टर फक्त म्हणाला, "सकाळी आणायला हवं होतं."

गाव म्हणालं, चिखलानं खाल्लं लेकरू. सुंदराबाईही तेच म्हणाली, शालूही तेच म्हणाली. कुणी सूर्यभानला बोल लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण लोक उलट त्याचीच समजूत काढत होते, की सायेब, तुमी वक्तावर आले, पन वाट खराब. सूर्यभानच्या डोक्यात मात्र हिशेब पक्का होता, कारण हिशेब हाच त्याचा धंदा. चिखलानं तीन तास घेतले. सहा तास त्याची वाट पाहण्यात गेले. त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना.

सरळ माणूस असता तर घरी जाऊन मायला खरं सांगून मोकळा झाला असता. सूर्यभान सरळ नव्हता, हुशार होता. आपले सहा तास त्यानं पोटात ठेवले आणि चिखलाच्या तीन तासांच्या मागे लागला.

त्याचं म्हणणं सोपं होतं. चाक रुततं, कारण सगळं ओझं चार बोटांच्या जागेवर येतं. ते ओझं रुंद फळीवर पसरलं आणि फळी ओढली, तर ती चिखलावरून घसरत जाईल. पण केवढी फळी, केवढी जाड, समोरून किती वर वळवलेली? लाकूड कापून कापून पाहायला गेलं तर शालूला दुसरं लेकरू होईस्तोवर सुताराचं सामान संपायचं. म्हणून त्यानं ठरवलं, फळ्या कागदावर करायच्या आणि कागदावरच चालवायच्या.

त्यासाठी आधी चिखल मोजायला हवा. १९६२ च्या पावसाळ्यात दर रविवारी तो उमरीला यायचा, वीतभर लांबीरुंदीची पाटी चिखलावर ठेवायचा, तिच्यावर मोजून दगड चढवायचा आणि पट्टीनं पाहायचा की किती रुतली. सडकेपाशी एक आकडा, नाल्यापाशी दुसरा, पाऊस उघडल्यावर तिसरा. धोतर खोचून, गुडघे टेकून, कान खाली करून बसलेला. बांधावरचे लोक हसून लोटपोट. "अरे पाहा, कंपाउंडर चिखलाची नाडी पाहून राह्यला!" सूर्यभानला त्या हसण्याचं काही वाटायचं नाही. त्यातल्या एका शब्दाचं वाटायचं.

अकोल्याला तो सकाळी कचेरी उघडण्याच्या दीड तास आधी यायचा आणि यंत्र पुढ्यात ओढायचा. कागदावरच्या फळीचे त्यानं बारा भाग पाडले होते. प्रत्येक भागावर वरून ओझं किती, खालून चिखल किती उचलून धरतो, आणि शेजारचा भाग त्याला किती ओढतो. पहिला भाग सोडवला की दुसऱ्याचा आकडा बदलायचा. दुसरा सोडवला की पहिला पुन्हा चुकायचा. बाराव्यापर्यंत जायचं आणि परत पहिल्यापासून. असे शे-दोनशे फेरे झाले की आकडे हळूहळू हलायचे थांबत. तेव्हा कळायचं, ही फळी कुठं किती रुतेल. मग ती फळी खोडायची, थोडी लांब करायची आणि कर्र-खट, कर्र-खट, पुन्हा.

एका सकाळी विभागाचे मुख्य रामराव लवकर आले. अमरावतीचे गृहस्थ, कुस्ती-मल्लखांबापासून जगातल्या सगळ्या खेळांचे शौकीन. त्यांनी मागून कागद पाहिला. बारा रकाने, खाली ढिगानं आकडे.

"इंगळे, हा कोणता तालुका?"

"चिखल आहे साहेब."

सूर्यभाननं फळीचं सांगितलं. लेकराचंही सांगितलं. सहा तासांचं नाही सांगितलं. रामराव रागावतील असं त्याला वाटलं होतं, पण ते दुसऱ्या दिवशी एक जुनं विलायती मासिक घेऊन आले. त्यात बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. एक माणूस दोन्ही पायांना दोन लांब फळ्या बांधून उतारावरून येत होता. फळ्यांची टोकं समोरून वर वळलेली. पुढच्या पानावर तशीच एक फळी आडवी ठेवून बाजूनं काढलेलं चित्र होतं.

"तिकडे ह्याच्या शर्यती लागतात," रामराव म्हणाले. "लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून करतात. बर्फावर चालते, तर तुमच्या काळ्या मातीवर का नाही चालणार? आणि गंमत सांगू? तिकडे आता आकडेमोडीची मोठी यंत्रं निघालीत, एकेक खोलीभर. नाव काय तर कम्प्युटर! तुमचं पद यंत्राला दिलं, इंगळे."

रामराव मोठ्यानं हसले. सूर्यभान हसला नाही. त्या यंत्राला घरी कुणी कंपाउंडर समजत नसेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

चित्रातली फळी त्यानं पट्टी लावून कागदावर उतरवून घेतली. बाजूच्या चित्रात फळी मधोमध जमिनीपासून थोडी उचललेली दिसत होती, पोटाखालून उजेड दिसेल इतकी. छापताना चित्र हललं असणार, असं म्हणून सूर्यभाननं ती रेघ सरळ केली. कागद चुकला तर दुरुस्त करायचा, ही त्याची रोजची सवय.

अकरा फळ्या कागदावर चालून झाल्या. नववी सगळ्यांत चांगली निघाली. साडेचार हात लांब, दीड हात रुंद, समोरून वीतभर वळलेली. आकडे सांगत होते की सागाची फळी जड होते. मेळघाटातला बांबू चिरून त्याच्या कांबी थरावर थर बसवल्या तर वजन निम्मं आणि ताकद तेवढीच. तोवर शालूला पुन्हा दिवस गेल्याची बातमी आली होती. भाद्रपदात बाळंत होणार होती, आणि सुंदराबाईनं हट्ट धरला होता की ह्या खेपेलाही माहेरीच.

उमरीचे नत्थुजी सुतार गावातली डवरे-वखर अशी शेतीची सगळी अवजारं करणारे. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, मान हलवली आणि कामाला लागले. बांबूच्या कांबी, सुंभाची आवळण, खाली रॉकेलच्या डब्याचे पत्रे ठोकलेले, समोर दोर. १९६३ च्या आखाडात, भर चिखलात तिची परीक्षा झाली. तिच्यावर सरकीची दोन पोती आडवी घातली आणि दोन माणसांनी दोर ओढला. फळी काय घसरली म्हणता! माणसं घोट्यापर्यंत रुतत होती आणि फळी त्यांच्या मागून चिखलावरून येत होती. बांधावर टाळ्या पडल्या. सूर्यभाननं त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"आता शालूले निजवा तिच्यावर," तो म्हणाला. "हळू नेऊ, त्या बोरीच्या झाडापर्यंत."

सुंदराबाई मधे आली. तिनं त्या बांबूच्या कांबींकडे पाहिलं, सुंभाच्या आवळणीकडे पाहिलं, आणि तिचा आवाज चढला. "कावून रे? जित्या बाईले तिरडीवर निजवतू? पोटुशीले?"

सूर्यभान फळीकडे पाहतच राहिला. खरंच तिरडी होती. हिरवे बांबू, सुंभ, माणसाच्या लांबीची. त्यानं अकरा फळ्यांचे हजारो आकडे काढले होते आणि ती दिसते कशी, हे एकदाही पाहिलं नव्हतं. ह्या घरानं छप्पन साली सगळे देव नाल्यात सोडले होते, पण तिरडीचं भ्या काही नाल्यात गेलं नव्हतं. आणि तसं पाहिलं तर कुणाच्या घरातून गेलंय?

"मी निजणार नाई," शालू शांतपणे म्हणाली. "मागच्या खेपेले निजून गेली होती. या खेपेले बसून जाईन."

ती पुढं आली आणि फळीच्या मधोमध मांडी घालून बसली. दोर ओढला. फळीचं पोट खाली गेलं, दोन्ही टोकं वर आली, कडेनं चिखल आत शिरला आणि फळी दहा पावलांवर मुकाट रुतून बसली. शालूचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं. जे टाळ्या वाजवत होते तेच आता हसत होते.

नत्थुजींनी शालूला हात देऊन उठवलं आणि सूर्यभानला हळूच म्हणाले, "सायेब, फळी नाई चुकली. तुमच्या कागदावरची बाई निजेल होती."

भाद्रपदाला दोन महिने उरले होते. सूर्यभान अकोल्याला परतला तो वेड्यासारखा. कागदावर त्यानं शालूला बसवलं. सगळं ओझं मधल्या, सहाव्या आणि सातव्या भागावर. फळी लांब केली, जाड केली, रुंद केली. लांब केली की वळेना, जाड केली की जड होई, रुंद केली की दोन माणसांना ओढवेना. कापसाच्या तक्त्यात त्यानं चुका केल्या, एकदा तर मूर्तिजापूरची पऱ्हाटी बाळापुरात नेऊन घातली. रामरावांनी तक्ता परत दिला. शेवटी एका सकाळी सगळे कागद टेबलावर पसरून तो उभा असताना ते मासिक खाली पडलं आणि तेच पान उघडलं. मधोमध उचललेली फळी. पोटाखाली उजेड.

छापताना काही हललं नव्हतं. ती फळी मुद्दामच तशी केलेली होती. माणूस मधे उभा राहिला की बाक दबतो, आणि दबता दबता ओझं दोन्ही टोकांकडे ढकलतो. पिंजाऱ्याची कमान मधे दाबली की टोकं जमीन धरतात, तसं. सूर्यभाननं जी रेघ सरळ केली होती तीच सगळ्यात महत्त्वाची होती. त्यानं दांडा धरला आणि फळीला मधे बाक दिला, आधी एक बोट, मग दोन, मग तीन. तीन बोटांवर आकडे थांबले. पहिल्या भागापासून बाराव्यापर्यंत फळी सारखी रुतत होती, जेमतेम दोन बोटं. त्यानं हात डोळ्यांना लावले आणि टेबलाशी उभा राहून रडला.

नत्थुजी कुरकुरले. "जन्मभर फळी सरळ कराले मरलो, अन् आता वाकडी करून देऊ?" पण त्यांनी दिली, आणि सुंदराबाईच्या डोळ्यांपुढून तिरडी जावी म्हणून वरून सागाची पातळ पाटी ठोकून बसायला जाड गोधडी घातली. श्रावणातल्या रविवारी शालू तिच्यावर बसली आणि सूर्यभान-धर्मपालनं दोर धरला. फळी अंगणातून निघाली, नाला ओलांडला, अर्धी वाट गेली, आणि थेट सडकेच्या लिंबाखाली जाऊन थांबली. तासभरही लागला नाही. शालूच्या लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता. ती हसत होती.

मागून चिखल तुडवत सुंदराबाई आली. तिनं फळीवरून हात फिरवला, लेकाच्या तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "आता मले कशाचंच भेव नाई. कळा लागल्या का जावायाले अकोल्याले धाडतो. तू आला का लगेच निघू."

सूर्यभाननं चिखल मोजला होता, बांबू मोजला होता, बाक बोटांनी मोजला होता. आणि ही फळी अंगणात सहा तास त्याची वाट पाहत उभी राहणार होती! तो मागं सरला, पुढं आला, दोर हातातून टाकला, उचलला. मग एकदम म्हणाला, "माय, माही वाट नको पाहू. मी कंपाउंडर नोहो."

"म्हंजे?"

"मी कधीच नोहतो. मले औषधातलं काई येत नाई. मी कचेरीत बसून आकडे करतो. कम्प्युटर म्हंजे आकडे करनारा. तू ऐकलं कंपाउंडर, अन् मी गप्प राह्यलो."

सुंदराबाई लेकापासून दूर झाली. तिच्या डोक्यात काहीतरी मागं मागं जात होतं आणि ते कुठं जाऊन थांबणार हे सूर्यभानला माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, "मंग तवा आमी कोनाची वाट पाहून राह्यलो होतो?"

धर्मपालनं तोंड फिरवलं. दवाखान्याच्या दाराकडे पाठ करून मोटारीत चढलेला तो होता. शालू फळीवरून उठली. सातव्या महिन्याच्या पुढची बाई, तिनं लुगडं वर खोचलं आणि कुणाचा हात न घेता चिखलातून पायी घराकडे निघाली. सुंदराबाई तिच्या मागं गेली. सूर्यभाननं रिकामी फळी ओढत परत नेली. रिकामी फळी फार हलकी लागली.

त्यानंतर तो तीन रविवार उमरीला गेला नाही. जायची हिंमत होत नव्हती आणि न जाऊन जीव थाऱ्यावर राहत नव्हता. रोज मोटारस्टँडवर जाऊन दर्यापूरची गाडी पाहायचा, धर्मपाल उतरतो का. मग स्वतःवरच चिडायचा, की येऊ नये म्हणून तर आपण सगळं सांगितलं, आता येईल म्हणून वाट का पाहतो? निरोप आला तर ते अजून त्याच्यावर थांबले, असं होणार होतं. निरोप नाही आला तर घरानं त्याला तोडलं, असं. दोन्हींतलं कुठलं मागावं हे त्याला कळत नव्हतं. चौथ्या शनिवारी रामरावांनी त्याच्या पुढ्यातलं यंत्र बाजूला सरकवलं. "इंगळे, तुम्ही जा बुवा गावाला. इथं तुम्ही बसत नाही आणि आम्हालाही बसू देत नाही."

दर्यापूरहून उमरीच्या फाट्यावर तो उतरला तेव्हा लिंबाला टेकवून फळी उभी होती.

चिखल तिच्यावर वाळून पांढुरका झाला होता. म्हणजे एक दिवस झाला, कदाचित दोन. ती इथवर आली होती, परत गेली नव्हती. पण तिच्यावरून नेलेल्या बाईचं काय झालं, हे फळी सांगत नव्हती. बसून आली की निजून आली? मागच्या खेपेसारखी? सूर्यभान वाकला. गोधडी नव्हती. कडांना, टोकांना सगळीकडे चिखलाचे शिंतोडे होते. फक्त मधे एक जागा स्वच्छ होती, एका बसलेल्या माणसाएवढी. सहावा भाग आणि सातवा.

तो दर्यापूरकडे पळत सुटला. मागून येणाऱ्या मोटारीला हात करायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर सुंदराबाई बसली होती, मांडीवर तीच गोधडी घेऊन. लेकाला पाहून ती उठली नाही.

"तुले निरोप नाई धाडला," ती म्हणाली.

"बरं केलं, माय."

"शालू म्हने कोनाची वाट नाई पाहाची. जाईबाईनं हात लावला अन् निघालो. लेकरू याही खेपेले आडवंच होतं." तिनं गोधडीची घडी मोडली, पुन्हा घातली. "डाक्टर म्हने, वक्तावर आनलं."

आत जाताना नर्सनं त्याला अडवलं. घरचीच माणसं आत सोडतो म्हणाली, आणि त्याच्याकडे निरखून पाहत विचारलं, "तुम्ही उमरीचे कंपाउंडर का हो? लोक सांगत होते."

सूर्यभाननं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागून मायचा आवाज आला.

"नाई वं बाई. कंपाउंडर नोहे तो." सुंदराबाई पायरी चढून आली. तो शब्द तिनं मनाशी एकदा जुळवून पाहिला, जमला नाही, सोडून दिला. "आकडे करते. माहा लेक हाये. ते फळी त्यानंच केली."

खाटेवर शालू उशीला टेकून होती. कुशीत लाल फडक्यात गुंडाळलेली मुलगी, एक मूठ बाहेर. सूर्यभान खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. एक पाय दाराकडे. त्याची बोटं लोखंडी गजावर काहीतरी मोजायला लागली. शालूनं त्या बोटांकडे पाहिलं. तिनं त्याला माफ केलं होतं की नाही हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि पुढंही कधी त्यानं ते विचारलं नाही. तिनं लेकराला थोडं आत ओढलं आणि खाटेच्या कडेला जागा केली.

"बस, दादा," ती म्हणाली. "मी बी बसूनच आली."

सूर्यभान बसला.